टेकडीवर काय उपटायचं आणि काय राहू द्यायचं?

मागच्या महिन्यात याच पानावर मी दोन ओळी टाकल्या होत्या, की पाऊस लागला की आमच्या पुण्यातली काही मंडळी रविवारी सकाळी टेकडीवर परकी झाडं-तण काढायला जातात, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी सगळं पान त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी कोथरूडला राहते, वेताळ टेकडीवर रोज सकाळी जाणं असतं. मागच्या सप्टेंबरात सात-आठ जण ती केशरी-पिवळी फुलं मुळापासून उपटत होते, ढीगच्या ढीग. मी चक्क भांडले त्यांच्याशी. आम्ही गौरींच्या सजावटीला तीच फुलं आणतो हो. इतकी सुंदर फुलं काढून काय मिळतं या लोकांना?

तुम्ही भांडलात ते मला आवडलं, खरंच. टेकडीवरच्या झाडासाठी कुणीतरी थांबून जाब विचारतंय हे चांगलंच आहे. आता त्यांची बाजू सांगते.

ती फुलं म्हणजे कॉसमॉस. मूळचं मेक्सिकोकडचं, बागेसाठी आणलेलं, अजूनही नर्सरीत त्याच्या बियांची पाकिटं मिळतात. बागेतून, रस्त्याच्या कडेच्या सुशोभीकरणातून ते बाहेर पडलं आणि टेकड्यांवर पसरलं. पावसाळ्यात बघता बघता कंबरेएवढं होतं, कुठे कुठे छातीपर्यंत, आणि इतकं दाट की खाली जमिनीला ऊनच मिळत नाही. आपली टेकडी म्हणजे मुळात गवताचा माळ. कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं, त्यात मोई, सालई, गणेर, मेडशिंगी अशी विखुरलेली झाडं, आणि पावसाच्या तीन-चार महिन्यांत गवतातून डोकं काढणारी छोटी मंडळी, केना, सोनकी, कळलावी, कंदीलपुष्प. यांचा सगळा संसार या तीन-चार महिन्यांतच उरकायचा असतो, उगवायचं, फुलायचं, बी धरायचं किंवा कंदात साठवायचं, आणि नेमके तेच महिने कॉसमॉस त्यांच्या डोक्यावर उभा असतो.

आणि गौरींचं म्हणाल तर आपली जुनी गौर तेरड्याची. कोकणात अजून तेरड्याची रोपं मुळासकट आणून गौर म्हणून पुजतात. आमच्या उतारावर जिथे कॉसमॉस माजलाय तिथे मला तेरडा दिसेनासा झालाय हो, याचं मला फार वाईट वाटतं.

फक्त एक, सप्टेंबरात उपटणं म्हणजे उशीरच. तेव्हा फूल गळून काळ्या, सुईसारख्या बिया तयार व्हायला लागलेल्या असतात, आपण रोप ओढलं की त्या खाली सांडतात, उरलेल्या मोज्यात आणि कुत्र्याच्या केसांत अडकून आपल्याबरोबर पुढच्या वाटेला येतात. खरी वेळ जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्ट. रोप वीत-दोन वीत असतं, माती ओली असते, दोन बोटांनी धरून सरळ वर ओढलं की मुळासकट हातात येतं. कॉसमॉस एका वर्षाचंच झाड आहे, त्याला बी धरू दिलं नाही तर पुढच्या वर्षी फक्त मातीत आधीच पडलेल्या बियांतून उगवतं, मग त्याच्या पुढच्या वर्षी अजून कमी. पण म्हणून जागा सोडून चालत नाही. आम्ही सहा वर्षं एकच तुकडा धरलाय, दोन बॅडमिंटन कोर्टांएवढा असेल, जास्त नाही. पहिल्या वर्षी किती गोण्या भरल्या ते मोजायचं भानच नव्हतं, मागच्या वर्षी दोन पिशव्या निघाल्या. आणि चौथ्या वर्षी ऑगस्टमध्ये त्या तुकड्याच्या मधोमध एक कळलावी वर आली. तिच्या पानाचं टोक बारीक होत होत आकड्यासारखं वळतं बघा, तो आकडा तिने कुसळीच्या काडीला घट्ट गुंडाळला होता आणि त्या आधाराने ती उभी होती. आम्ही कुणीच तिथे काही लावलेलं नव्हतं, कंद खाली मातीतच वाट बघत असणार. त्या दिवशी आमचं काम तासभर थांबलं होतं.

एक चूक पण सांगते, तुमची होऊ नये म्हणून. पहिल्या वर्षी उत्साहात आम्ही मुरमातला फत्तरसुवाही उपटून टाकला. तो आपला इथलाच, जमिनीलगत वाढणारा, इवल्या पिवळ्या फुलांचा, पानं शेपूसारखी चिरलेली. कॉसमॉसचीही पानं चिरलेली, फूल पिवळं, आमची फसगत झाली. तेव्हापासून नियम केलाय, नवीन माणसाने पहिले दोन रविवार कुणातरी जाणत्याच्या शेजारी बसूनच काम करायचं आणि जे ओळखत नाही त्याला हात लावायचा नाही. सोनकीलाही बरेच जण फसतात, पण तिचं पान अखंड असतं, कडेला दाते, कॉसमॉससारखं चिरलेलं नसतं.

प्रश्न: आम्ही सोसायटीमागच्या ओढ्याकाठची घाणेरी मार्चमध्ये कोयत्याने साफ केली. वीस जण होतो, अख्खा दिवस राबलो, हात सोलवटले. पावसाळ्यानंतर बघतो तर आधीपेक्षा दाट! आमचं नक्की काय चुकलं? (नाशिक)

मेहनतीत काहीच चुकलं नाही, चुकला तो कोयता. घाणेरी वरून छाटली की ती मरत नाही, तिला उलट फुटवे फुटतात, एका खोडाचे पाच होतात. तुम्ही तिची छाटणी करून दिलीत असं समजा.

घाणेरीचं झुडूप जमिनीपाशी बसून नीट बघा. चौकोनी काटेरी फांद्या सगळ्या एका जाड गाठीसारख्या भागातून निघालेल्या दिसतील, अगदी मातीच्या पातळीवर. फुटवे येतात ते या भागातून. त्याच्या खालच्या मुळातून नाही. दिल्ली विद्यापीठात प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच हेरून एक साधी पद्धत बसवली, कॉर्बेटच्या जंगलात ती वापरली गेली. कुदळीने झुडपाच्या बुंध्याशी माती थोडी मोकळी करायची, गाठीच्या खाली साधारण ३ ते ५ सेंटिमीटरवर, म्हणजे दोन-तीन बोटं खोल, मुख्य मूळ एका घावात तोडायचं, आणि झुडूप उचलून उलटं, मुळं आकाशाकडे करून ठेवायचं. उलटं ठेवायचं म्हणजे बुंधा परत मातीला टेकायला नको. सुकून जातं. दोन माणसं लागतात, एक फांद्या काठीने दाबून धरतो आणि दुसरा कुदळ मारतो. सगळी जमीन खणायची गरज नाही, खणूच नका, उकरलेल्या मातीत पहिलं बी परत घाणेरीचंच रुजतं.

त्यानंतरचं काम जास्त महत्त्वाचं. घाणेरीची काळी फळं बुलबुल खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याच्या खाली बी टाकतात. म्हणून पुढच्या पावसाळ्यात सगळा ओढा पालथा घालत बसू नका, आधी पक्षी बसतात त्या बाभळी, बोरी, उंबर यांच्या खाली बघा. नवी रोपं तिथे सगळ्यात आधी सापडतील, बोटभर असतानाच निघतात. हे दोन-तीन पावसाळे करावं लागेल. वीस जण एक दिवस आलात त्याऐवजी चार-चार जण पाच वेळा आलात तर ओढ्याला जास्त उपयोग होईल.

आणि झुडपात हात घालण्याआधी काठीने आवाज करा, थोडं थांबा. खाली घोणस किंवा फुरसं असू शकतं, त्यांचा काही दोष नाही, त्यांची ती सावलीची जागा आहे.

प्रश्न: ताई, मी बारावीत आहे, साताऱ्याची. आमच्या नेचर क्लबमध्ये घाणेरी काढायची मोहीम ठरलीये पण मला पटत नाहीये. घाणेरीवर कित्ती फुलपाखरं असतात! बुलबुलाचं घरटंपण मी त्यातच बघितलंय. लहानपणी आम्ही तिची फुलं चोखायचो. मग ती वाईट कशी?

अगं, घाणेरी वाईट नाही, ती तिच्या घरी, अमेरिका खंडांच्या उष्ण भागात, एक साधं झुडूप आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणली आणि तिथून ती देशभर गेली. तिला इथे खाणारं फारसं कुणी नाही, गुरांनी खाल्ली तर त्यांना विषबाधा होते, म्हणून ती वाढतच राहते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या वाघांच्या मुलखाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग तिने व्यापलाय असं दिसलं. वाघ घाणेरी खात नाही हे खरं, पण चितळ-सांबराला गवत लागतं आणि घाणेरीखाली गवत येत नाही, मग चितळ जाणार कुठे.

पण तू जे बघितलंस ते खरंच आहे आणि तुझी शंका मोहिमेत मोठ्याने मांड. फुलपाखरं तिच्यावर मध प्यायला येतात हे बरोबर, पण अंडी घालायला ज्याला त्याला आपापलं झाड लागतं, सुरवंट पान खातो ना, आणि ती झाडं घाणेरीखाली दबली की फुलपाखरू मध पिऊन करणार काय? घरट्याचं मात्र तुझं शंभर टक्के बरोबर. म्हणून एका दमात सगळी घाणेरी कधीच काढायची नाही. पट्ट्या-पट्ट्याने, या वर्षी एक पट्टा, तिथे दुसरं काही उभं राहिलं की पुढचा. काढण्याआधी प्रत्येक झुडूप वाकून बघायचं, घरटं दिसलं की त्याला रंगीत चिंधी बांधायची आणि पिल्लं उडेपर्यंत सोडून द्यायचं. हे काम तूच घे. तुझी नजर त्यावर बसलीये.

प्रश्न: माझं वय ६४, सोलापूर. आमच्या वॉर्डातल्या रिकाम्या जागेतलं काँग्रेस गवत काढायला गेलो, हातमोजे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून हात, मान, पापण्या सगळं खाजून लाल. आता परत जावं की नाही?

काका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत, हाताळलं होतं हे त्यांना आवर्जून सांगा. एकदा अॅलर्जी उठली की पुढच्या वेळी थोड्याशा संपर्कानेही उठू शकते, म्हणून तुम्ही स्वतः आता ते उपटायला जाऊ नका. ज्यांना दमा आहे त्यांनीही नाही. हे मी फार गांभीर्याने सांगतेय, यात हिंमत दाखवण्यासारखं काही नाही.

बाकीच्यांनी पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि फुलावर येण्याआधीच काढायचं, पाऊस पडून गेल्यावर, मुळासकट. एका झाडाला हजारो बिया येतात, त्यामुळे फुललेलं गवत उपटणं म्हणजे बी पेरत जाणं. या गवताची भारतातली ठळक नोंद १९५०च्या दशकात आपल्या पुण्यातलीच आहे, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात, म्हणून तर लोकांनी त्याला काँग्रेसचं नाव चिकटवलं असं जुनी माणसं सांगतात.

तुम्हाला करता येण्यासारखी दोन कामं आहेत. एक म्हणजे टाकळ्याचं बी, विदर्भात तरोटा म्हणतात, आपण पावसाळ्यात भाजी करतो तोच. तो वाढला की गाजर गवताला दाबतो, तण संशोधन करणारे लोकही हा उपाय सांगतात. सुकलेल्या शेंगांतलं बी गोळा करा आणि पावसाआधी त्या जागेत फेका. दुसरं, गवताच्या पानांवर पांढरट रंगाचे, काळ्या नागमोडी रेषांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू देऊ नका. ते मेक्सिकन भुंगेरे मुद्दाम हे गवत खाण्यासाठी १९८०च्या दशकात देशात सोडलेत, पावसाळ्यात ते पान न् पान खाऊन टाकतात. ज्या तुकड्यावर ते असतील तिथलं गवत आपण नाही काढायचं, त्यांना खाऊ द्यायचं.

प्रश्न: टेकडीवर ग्लिरिसिडियाशिवाय काही दिसतच नाही. आम्ही मित्र मिळून रविवारी थोडी थोडी तोडली तर चालेल का? (पिंपरी-चिंचवड)

नाही, अजिबात नाही. टेकडीची बरीचशी जमीन वन खात्याची आहे, तिथे परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे, मग झाड परकं का असेना. शहराच्या हद्दीत १९७५चा वृक्ष कायदाही लागू होतो. रेंज ऑफिसला जा, लेखी अर्ज द्या, वनरक्षकाला बरोबर घ्या. मला माहितीये की यात चकरा होतात, आमच्या झाल्यात, पण एकदा त्या वनरक्षकाला तुमच्यावर विश्वास बसला की तोच तुम्हाला जागा दाखवतो.

तसंही नुसतं तोडून उपयोग नाही, ग्लिरिसिडिया म्हणजे गिरिपुष्प तोडलं की जोमाने फुटतं, त्याची काठी रोवली तरी जगते. बोडक्या टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात आणि गुरांनी खाऊ नये म्हणून ते लावलं गेलं, हेतू वाईट नव्हता. शेताच्या बांधावर ते फार कामाचं आहे, पाल्याचं उत्तम हिरवळीचं खत होतं. टेकडीवर मात्र त्याच्या शेंगा तडकून बी लांब उडतं आणि दरवर्षी ते थोडं थोडं पुढे सरकतं. ते सरकणं तुम्ही थांबवू शकता. परवानगी घेऊन गवताळ भागात घुसलेली वीतभर रोपं पावसाळ्यात हाताने उपटा. मोठी झाडं हळूहळू विरळ करणं, त्यांच्या सावलीत आपली झाडं मोठी करणं, हे खात्याचं काम आहे, वर्षानुवर्षांचं.

प्रश्न: उपटलेल्या ढिगाचं काय करायचं? आम्ही जाळून टाकतो.

कृपा करून जाळू नका. वणव्याने टेकडीचं जेवढं नुकसान होतं तेवढं कॉसमॉसनेही होत नसेल. फूल-बी नसलेलं तण तिथेच खडकावर मुळं वर करून पसरा, दोन उन्हात वाळतं. बी असलेलं गोणीत भरून तोंड बांधा, फरफटत नेऊ नका, वाटभर पेरणी होते. घाणेरीच्या काठ्या चिवट असतात, निलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी त्यापासून खऱ्या हत्तीएवढे हत्ती बनवलेत, ते लंडनपर्यंत जाऊन आलेत. आपल्याला हत्ती नाही जमले तरी कुंपण होतं.

प्रश्न: आमच्या गावच्या देवराईच्या कडेने रानमोडी आत शिरतेय. आम्ही चार चाकरमानी गणपतीला येतो तेव्हा काढावी म्हणतो. (सिंधुदुर्ग)

गणपतीतली वेळ उत्तम आहे, माती ओली असते आणि रानमोडी अजून फुलावर आलेली नसते. ती फुलते थंडीत, आणि मग तिचं म्हाताऱ्यांसारखं बी वाऱ्याने उडतं, उन्हाळ्यात वाळलेल्या झाडोऱ्याने आग लागते ते वेगळंच. पान चुरगळून वास घ्या आणि पानावरच्या त्रिशूळासारख्या तीन शिरा बघा, म्हणजे ओळख पटेल.

पण देवराई आहे, आधी गावकऱ्यांना आणि मानकऱ्यांना विचारा. कौल लावायचा म्हणाले तर लावू दे, लोखंड आत न्यायचं नाही म्हणाले तर नेऊ नका, हातानेच उपटा, पावसात निघते. ज्या नियमांनी ती राई आजवर टिकली ते आपल्या मोहिमेसाठी मोडायचे नाहीत. आणि आत आत घुसू नका, नुसती कड धरा. आतल्या दाट सावलीत रानमोडीला तसंही जमत नाही.

प्रश्न: जागा साफ झाल्यावर आमची कंपनी ५०० झाडं द्यायला तयार आहे. कोणती लावू?

दोन पावसाळे काहीच लावू नका. जागा मोकळी दिसली की हात शिवशिवतात हे मला कळतं, पण माळावर खड्डे घेऊन ५०० झाडं लावणं म्हणजे ज्याच्यासाठी एवढं राबलात ते गवतच परत सावलीत घालणं. आधी काय उगवतं ते बघा, लिहून ठेवा, फोटो काढा. गावाकडे असाल तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे नोंदवा. कंपनीला सांगा, झाडांऐवजी हातमोजे, कुदळी, आणि दोन वर्षं येणारी माणसं द्या.

प्रश्न: मला नोकरीमुळे वर्षातून एखादाच रविवार जमतो. आले तर उपयोग आहे का?

आहे ना, या! फक्त तो रविवार जुलैच्या शेवटचा निवडा. सकाळी साडेसहाला सुरू करतो, नऊला संपवतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, खुरपं आणि पाणी आणा. घरात रिकामं गोणपाट पडलं असेल तर तेही आणा, ते आम्हाला नेहमी कमी पडतं.